वासाचे सात मार्क

गेल्या शनिवारची गोष्ट. बाहेर न्यू जर्सीची हाडं गोठवणारी थंडी आणि आत आम्ही तिघं कॅम्पस इंटरव्ह्यूला बसल्यासारखे गंभीर. समोर काचेच्या ग्लासात काळीकुट्ट बिअर, मध्ये बिनमिठाचे मुरमुरे आणि पाणी. चॉकलेट स्टाऊटची परीक्षा!

परीक्षक मॅडम. (आमची कॉलेजची मैत्रीण, टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून मॅडम.) तिला नंतर गाडी चालवायची होती, त्यामुळे किचनमध्ये ओतणार ती, एक्सेल शीट भरणारही तीच. पिऊन मार्क देणार मी आणि अण्ण्या. ग्लासांवर अ, ब, क एवढंच लिहिलेलं. रंग, फेस, वास, चव आणि अंग, प्रत्येकी दहा मार्क. 'अंग' म्हणजे बॉडी, तोंडात ती पाण्यासारखी लागते की बासुंदीसारखी, ते.

एक सल्ला फुकट देतो. स्टाऊट फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नका. इतक्या थंडीत वासही झोपतो आणि जीभही. वीसेक मिनिटं बाहेर ठेवा.

'अ'चा फेस सायीसारखा, बुडबुडे एकदम बारीक. 'ब' जरा गोडसर, कोको पावडरच्या दुधासारखी. 'क' मात्र जबरी. करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, कडक फिल्टर कॉफी, आणि घशातून उतरताना गरम. मी ठासून सांगितलं, 'क'मध्ये सगळ्यात जास्त चॉकलेट आहे, पैज लावतो.

हरलो. 'अ' होती यंग्जची डबल चॉकलेट. तिच्यात खरंखुरं डार्क चॉकलेट असतं. 'ब' यॉर्कशरच्या सॅम्युअल स्मिथची. आणि 'क' म्हणजे ब्रुकलिनची ब्लॅक चॉकलेट स्टाऊट, 1994 पासूनची, 10 टक्के अल्कोहोल, आणि चॉकलेट शून्य! नावातलं चॉकलेट सगळं भाजण्यातून आलेलं. बार्लीला मोड आणायचे, वाळवायची आणि कॉफीसारखी काळपट होईस्तोवर भाजायची. 1817 साली इंग्लंडात डॅनियल व्हीलर नावाच्या गृहस्थानं यासाठी फिरत्या पिंपाच्या भट्टीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून असं काळं माल्ट नीट बनायला लागलं. म्हणजे मी ज्याला चॉकलेट म्हणत होतो तो निव्वळ वास होता. असो.

मी पेटंटवर प्रवचन देत होतो तेवढ्यात मॅडम म्हणाली, "अण्ण्या, वासाला तिन्हीला सात?"

"हो. सारख्याच वाटल्या."

"ह्यांच्यात दुसरं काहीच सारखं नाहीये. हा डेटा बनवलेला आहे." टेस्टरची नजर, दुसरं काय!

अण्ण्या हसला. मग मुरमुरे चिवडत बसला. मग म्हणाला, "मला वास येत नाही गं."

2021 च्या एप्रिलमध्ये पुण्यात त्याला कोविड झाला होता, तेव्हा गेलेला वास. मध्ये काही महिने कॉफीला जळक्या टायरचा वास यायचा, मग तोही गेला. एवढी वर्षं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी आईला फोडणीचा वास मस्त सुटलाय म्हणायचं, ऑफिसात कॉफीला वा म्हणायचं. गोड, कडू, आंबट, तिखट हे कळतं. बाकीचं आम्ही काय म्हणतो ते ऐकून. गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं, हा शेजारच्या खोलीत कॉलवर. धूर दिसला तेव्हा उठला.

मी रूममेट होतो त्याचा दीड वर्ष. च्यायला, मला कसं कळलं नाही? डिओ कधी संपला ते सांगायला तो मलाच विचारायचा, आणि मी त्यावर जोक मारायचो.

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग अण्ण्याच म्हणाला, "बाकीचे मार्क खरे आहेत हां." आणि होतेच. 'अ'चे बुडबुडे नायट्रोजनचे असणार हे त्यानं नुसत्या जिभेवर ओळखलं होतं. 'क'मध्ये अल्कोहोल दुप्पट आहे हेही. (यंग्ज 5 टक्क्यांच्या आसपास असते.) मी यातलं काहीही ओळखलं नव्हतं. मी वासावरच भाळलो होतो.

"मग शून्य टाक तिन्हीला," तो म्हणाला.

"शून्य कशाला? रिकामं ठेवते. रिकामं घर एक्सेल सरासरीत धरतच नाही."

तशी सरासरी काढली. अण्ण्याची पहिली आली 'अ', माझी 'क'. त्यानं 'क'चा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, आता नीट सांग, कसा येतो वास. मी नाक खुपसलं. शेंगदाणे भाजताना फोन आला आणि थोडे जास्त भाजले गेले, तसा. आणि त्यामागे लहानपणीच्या कंपासपेटीत विसरलेल्या चॉकलेटचा. "अजून," तो म्हणाला. बाटली संपेपर्यंत सांगत होतो.

रविवारी सकाळी दोघं जाऊन त्याच्या किचनसाठी गॅसचा आणि धुराचा अलार्म घेऊन आलो. बसवताना वाजवून बघितला. भयंकर आवाज आहे.