कोरडा डोंगर

धबधबा म्हणजे काय, हे मला आता कोणी शिकवावे असे वाटत नव्हते. पुण्यात जन्मलेल्या आणि दर पावसाळ्यात ओल्या कपड्यांनिशी लोणावळ्याहून लोकलने परतलेल्या माणसाला त्यात नवे ते काय असणार? आपल्या सह्याद्रीचा कारभार सगळा उघडा. ढग येतात, पठारावरचे ओढे भरतात आणि कड्यावरून खाली उड्या घेतात. पाणी कुठून आले, हे मान वर केली की दिसते. आपली माणसेही बहुधा अशीच. रडायचे तर चारचौघांत रडतात, भांडायचे तर जिन्यात उभे राहून भांडतात. मीही त्यातलाच.

माझा धाकटा भाऊ मात्र तसा नाही. लहानपणी पडून गुडघा फुटला, तरी तो मुकाट्याने नळाखाली पाय धरी. रडण्याचे काम त्याच्या वतीने मी करीत असे. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले. आईने दोघांना वाढवले. मी मराठीचा प्राध्यापक झालो, तो इंजिनिअर होऊन म्युनिकला गेला आणि तिथलाच झाला.

२०२० च्या एप्रिलमध्ये आई गेली. परदेशाहून येणारी विमाने मार्चमध्येच बंद झाली होती. मोजक्या माणसांत सगळे उरकावे लागले. धाकट्याने ते फोनच्या पडद्यावर पाहिले. एक शब्द बोलला नाही. पुढे २०२२ मध्ये तो घरी आला, दहा दिवस राहिला, आईच्या कपाटातली कागदपत्रे नीट लावून दिली, न्हाणीघरातला गिझर दुरुस्त केला. पण आईचा विषय त्याने एकदाही काढला नाही. निघायच्या आदल्या रात्री माझा तोल गेला. मी म्हणालो, "आईला तुझ्या हातचं पाणीही मिळालं नाही, आणि त्याचं तुला काही वाटतही नाही!" तो उठला आणि बॅग भरू लागला. त्यानंतर आमचा पत्रव्यवहार म्हणजे सणासुदीचे दोन ओळींचे निरोप.

म्हणूनच या वर्षी त्याचा फोन आला तेव्हा मी चकित झालो. "दादा, जूनच्या सुरुवातीला तुला सुट्टी असते ना? ये. डोंगर दाखवतो." मी आढेवेढे घेतले. तेव्हा आमच्या घरातून हुकूम सुटला, "जाऊन या हो. धाकट्याने बोलावलंय. आणि तिथे व्याख्यान देऊ नका."

म्युनिकहून मोटारीने आम्ही ऑस्ट्रिया ओलांडला आणि एका लांबलचक बोगद्यातून स्लोव्हेनियात उतरलो. आल्प्सचा हा पूर्वेकडचा भाग, ज्युलियन आल्प्स. सर्वांत उंच शिखर २,८६४ मीटरचे, नाव त्रिग्लाव. म्हणजे तीन मस्तकांचा. ते 'त्रि' ऐकताच माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. तिथल्या भाषेत दोनला 'द्वा', दिवसाला 'दान', आभाळाला 'नेबो', विस्तवाला 'ओगेन्य' म्हणतात. आपले द्वि, दिन, नभ आणि अग्नीच की हे! पायवाटेवर भेटणारी अनोळखी माणसे "दोबेर दान" म्हणून शुभ दिवस चिंतीत, आणि मी प्रत्येकाला थांबवून संस्कृतशी नाते सांगू पाही. धाकटा कोपराने ढोसून मला पुढे ढकली. वहिनींचा निरोप त्याच्यापर्यंत पोचला असावा.

आमचा मुक्काम बोहिन्य सरोवराच्या काठी होता. डोंगरांच्या ओंजळीत हे हिरवट निळे पाणी आहे, जास्तीत जास्त ४५ मीटर खोल. तिथल्या वाटा एकट्या माणसाने बिनघोर चालाव्यात अशा. झाडांवर, दगडांवर तांबडे कडे आणि आत पांढरा ठिपका अशी खूण रंगवलेली असते. १९२२ पासून ही खूण देशभर तीच आहे. ठिपका दिसत राहिला की आपण वाटेवर आहोत, एवढेच लक्षात ठेवायचे.

पहिल्या दिवशी साविचा धबधबा पाहिला. जंगलातून पाचशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. मी दर पन्नास पायऱ्यांनी निसर्गसौंदर्य पाहण्याच्या मिषाने थांबत होतो. वर पोचलो आणि पाहतच राहिलो. ७८ मीटरची ती धार कड्याच्या माथ्यावरून पडतच नव्हती! उभ्या कड्याच्या मधूनच, दगडाच्या पोटातून, ती बाहेर येत होती. वरचा डोंगर कोरडा ठणठणीत.

"वरचा ओढा कुठे आहे?" मी विचारले.

"नाहीच," धाकटा म्हणाला. "दादा, हा चुनखडीचा डोंगर आहे. आपल्यासारखा काळा कातळ नव्हे."

मग तो एका दगडावर बसून सांगू लागला. आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा डोंगर वीस कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्राच्या तळाचा, शिंपल्या-शंखांच्या चुन्याचा. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आंबट होते आणि हा दगड विरघळवते. फटी रुंदावतात, त्यांची विवरे होतात. वर पडलेला पाऊस आणि वितळलेले बर्फ सगळे आत मुरते आणि पोटातल्या पोटात वाहून असे कुठेतरी बाहेर येते. जगभर अशा भूमीला 'कार्स्ट' म्हणतात. तो शब्दही याच देशातल्या क्रास नावाच्या पठारावरून आलेला. एवढे सलग बोलताना मी त्याला कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

मीही माझी भर घातली. प्रेशेरेन या त्यांच्या राष्ट्रकवीचे १८३६ मधले मोठे काव्य याच धबधब्यापाशी घडते. त्याच्या पुण्यतिथीला, ८ फेब्रुवारीला, देशभर सुट्टी असते. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, आम्ही कार्यक्रमही करतो आणि तासही घेतो. यावर धाकटा हसला.

दुसऱ्या दिवशी स्तारा फुझिना गावातून मोस्तनित्सा ओढ्याच्या घळीत शिरलो. पाण्याने चुनखडी कापून कुठे कुठे वीस मीटर खोल चर पाडला आहे. तळाशी पाचूसारखे पाणी, दगडांत रांजण कोरलेले. एका वळणावर धाकटा थांबला आणि म्हणाला, "खाली बघ."

पाण्याने कोरलेला एक दगडी हत्ती सोंड पाण्यात सोडून उभा होता. तिथले लोकही त्याला हत्तीच म्हणतात. माझे हात आपोआप जोडले गेले. आईने संकष्टी कधी मोडली नाही; ती इथे असती तर चंद्रोदयापर्यंत हलली नसती.

"आईला आवडला असता," मी म्हणालो.

त्याने उत्तर दिले नाही. आम्ही वर चढत गेलो. पुढे घळ संपून खोरे उघडते, कुरणे लागतात, ओढा उथळ होतो. तिथे त्याने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खिशातून एक लहान डबी काढली. आत काळे तीळ होते.

"म्युनिकहून आणतो," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "सीमा उघडल्या त्या उन्हाळ्यापासून, दर वर्षी. मंत्र येत नाहीत मला. आईचं नाव घेतो, बाबांचं घेतो. हत्ती दिसला होता, म्हणून हीच जागा धरली."

मला काही सुचेना. अखेर विचारले, "मला बोलला का नाहीस कधी?"

"तू विचारलंस कुठे, दादा? तू सांगितलंस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला ते अधिक लागले. तीन वर्षे मी नातेवाइकांत बसून 'आमचा धाकटा अगदी कोरडा' म्हणून सांगत होतो, आणि तो दर उन्हाळ्यात दोन सीमा ओलांडून एकटाच इथे येऊन पाण्यात उभा राहत होता.

मीही बूट काढले. जूनमध्येही ते पाणी हाडांना झोंबत होते. त्याने माझ्या ओंजळीत तीळ घातले. मंत्र मला येत होता, पण कंठाशी अडकला. मग मीही नुसते आईचे नाव घेतले. तीळ क्षणभर तरंगले आणि निघून गेले.

"कुठे जाईल रे हे?" मी विचारले.

"सावा नदीत. बेलग्रेडला डॅन्यूब मिळते, मग काळा समुद्र," इंजिनिअर म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "गंगेला नाही पोचत."

आणि तिथे, काठावर, तो रडला. गुडघा फुटल्यावर राहून गेलेले रडणेही त्यात असावे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. व्याख्यान दिले नाही.

पुण्याला परतलो तेव्हा पाऊस लागला होता. घरी येताच आमच्या घरातून विचारणा झाली, "काय म्हणतात भावोजी?" मी म्हणालो, "बरेच बोलतो तो. आपण ऐकत नव्हतो."

या दिवाळीला तो येणार आहे. न्हाणीघरातला गिझर पुन्हा बिघडला आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातला मिस्त्री दोनदा विचारून गेला. मी त्याला अजून हात लावू दिलेला नाही.