जबाबदारी टाकताना

चि. सोनूस,


पेढे पोचले, आणि काकू नको म्हणत असताना मी दोन खाल्ले. मशीन शॉप तुझ्या हाताखाली आलं, फार बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, वयाने मोठी माणसं, युनियनची माणसं, कंत्राटी पोरं, यांना कामाला लावायचं कसं? तेव्हा तुझ्या मागे कॉम्प्रेसर चालू होता, म्हणून म्हटलं, सावकाश लिहीन.

आधी एक जुनी गोष्ट. मिरजेला जाताना वाटेत किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. पूर्वी ते कुंडल रोड होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला बेळगावचा कारखाना हलवावा लागला. तिथल्या नगरपालिकेला ती जागा वस्तीसाठी हवी होती. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ३२ एकर माळ दिला, वर १०,००० रुपये कर्ज दिलं. माळावर निवडुंग आणि साप. हे सगळं तू शाळेत वाचलं असशील. मला त्यातलं यंत्रांचं कौतुक कमी आहे. तिथं माणसं कोण होती, ते बघण्यासारखं आहे. शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर झाले. मंगेशराव रेगे कारकुनी करता करता हिशेबनीस झाले आणि पुढे किर्लोस्करांच्या घरचेही वडीलधारे होऊन बसले. रात्रीच्या पहाऱ्यावर तर लक्ष्मणरावांनी गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. आजच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यातलं कोण टिकलं असतं, तूच सांग.

याला लोक लक्ष्मणरावांचं मोठं मन म्हणतात. असेलही. पण मला त्यात हिशेब दिसतो. आडरानात, शहरापासून लांब, तयार माणूस येणारच नव्हता. तेव्हा या माणसाला आज काय येतं हे विचारत बसण्यापेक्षा याच्यावर काय टाकलं तर तो उभा राहील, हे बघणं भाग होतं. आणि एकदा टाकलं की आपला हात काढून घेणं. शिक्षा भोगून आलेल्याला पहारेकरी नेमून त्याच्यावर दुसरा पहारेकरी ठेवला असता, तर पगार दोन गेले असते आणि माणूस एकही मिळाला नसता.

आता हेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील काका जुन्या काळात रमले. वाडीत घर मालकाचं, शाळा मालकाची. नोकरी सुटली की गावच सुटलं. तसला कारभार आज कुणी मागू नये. शिवाय तुझ्याकडची निम्मी पोरं ठेकेदाराच्या हजेरीवर. त्यांना बढती देणं तुझ्या हातात नाही, पर्मनंट करणं तर नाहीच. तेव्हा त्यांच्यासमोर ‘आपण सगळे एक कुटुंब’ हे भाषण चुकूनही करू नकोस. ओव्हरटाइमचे पैसे वेळेवर पडले का, सेफ्टी शूज मापाचे मिळाले का, एवढं बघ. त्यांना तेवढ्यावरून तू कळशील.

आमच्या शॉपमध्ये एक सेटर होता. हात सोन्याचा, पण तोंड उघडायचा नाही. दर वर्षी ॲप्रेजलमध्ये ‘कम्युनिकेशन कमी’ असा शेरा आणि विषय बंद. नवे मॅनेजर आले, त्यांनी आयटीआयची ॲप्रेंटिस पोरं त्याच्या ताब्यात दिली. आम्ही हसलो. हा पठ्ठ्या मशीन थांबवायचा, जॉब चिंधीने पुसायचा, पोराचा अंगठा धरून त्याचं नख मिलिंग केलेल्या फेसवरून फिरवायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. खरखर लागली की पोराची भुवई हलायची. मगच सरफेस टेस्टर लावून आकडा दाखवायचा. लेक्चर शून्य. त्या बॅचची पोरं इन्सर्ट कधी बदलायचं, ते कुणाला विचारायला येत नव्हती. पुढे ते मॅनेजर बदलून गेले, नव्यांनी ट्रेनिंग क्लासरूममध्ये नेलं आणि प्रोजेक्टर आणला. असो.

तू म्हणालीस, तुमच्या लाईनला अँडॉनची, म्हणजे अडचण आली की ओढायची, दोरी आहे. त्यावरून फ्रीमाँटची गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा हा कारखाना १९८२ साली बंद पडला. तिथले कामगार म्हणजे दांड्या मारणारे, भांडकुदळ, अशी ख्याती. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने सुरू केला. कामगार बहुतेक तेच, युनियनही तीच. त्यांच्यातल्या कित्येकांना जपानला पाठवून शिकवलं, आणि सगळ्यांना दोष दिसला तर दोरी ओढायची, वेळ पडली तर लाईन थांबवायची मुभा दिली. गैरहजेरी झपाट्याने उतरली, गाड्याही चांगल्या निघू लागल्या. मग जनरल मोटर्सने आपल्या दुसऱ्या कारखान्यांतही दोऱ्या लावायला घेतल्या आणि तो गुण काही लवकर उतरला नाही. कारण दोरी ओढल्यावर सुपरवायझर मदतीला धावत येतो की शिव्या देत येतो, हे दोरीबरोबर विकत मिळत नाही. तुझ्या शॉपमध्ये दोरी किती वेळा ओढली जाते, ते रजिस्टर काढून बघ. आठवडाभर कुणी ओढलीच नसेल तर खूश होऊ नकोस. सगळं ठीक आहे असं नव्हे, माणसं भ्यायलेली आहेत. शिफ्ट बदलताना जाऊन उभी राहा. पहिल्या पाळीचा माणूस दुसऱ्याला मशीनबद्दल जे दबक्या आवाजात सांगतो, ते तुझ्या रिपोर्टमध्ये कधीच येणार नाही.

राहिला तुझा खरा प्रश्न, जो तू शेवटी घाईत विचारलास. तुझ्यापेक्षा सीनियर असून डावलला गेलेला तो सहकारी. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते तेव्हा त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियनला दिली गेली, आणि त्यांनी नोकरी सोडली. इन्स्टिट्यूटला तेव्हा आपलं काय गेलं हे कळलंही नसेल. तुझा हा माणूस रागावलेला आहे, म्हणजे अजून त्याला कामाची चाड आहे. त्याची समजूत काढायला जाऊ नकोस, वयाने मोठ्या माणसाला ते झोंबतं. नवीन व्हीएमसी मशीन येणार म्हणालीस ना? जागा, फाउंडेशन, फिक्स्चर, ऑपरेटर कोण, सगळं त्याच्याकडे दे. सही करायचा अधिकारही दे, नुसती कामं नकोत. आणि मीटिंगमध्ये वरचे साहेब त्याबद्दल तुला विचारतील, तेव्हा उत्तर तू देऊ नकोस, त्यांना त्याच्याकडे वळव. तो घोळ घालेल की नाही, मला इथून सांगता येणार नाही. थोडा घालेलच.

गणपतीत येशील तेव्हा सविस्तर बोलू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका