औषधांचा डबा आणि परक्या देशाचा कायदा

मुलाकडे दुबईला निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत लाडू-लोणच्याच्या जोडीला औषधांचा डबा असतोच. सर्दीची गोळी, खोकल्याचं सिरप आणि रात्री डोळा लागत नाही म्हणून ओळखीच्या केमिस्टकडून आणलेली एक पट्टी.

खरी काळजी त्या पट्टीची. त्यातलं अल्प्राझोलाम भारतातही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, पण ते हाताशी असतं म्हणून किरकोळ वाटतं. अमिरातीत अशी औषधं आणि कोडीनचं सिरप नियंत्रित आहेत. न्यायची तर तिथली सरकारी ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते.

लॉरा प्लमर ही ब्रिटिश महिला २०१७ मध्ये जोडीदाराच्या पाठदुखीसाठी ट्रामाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन इजिप्तला उतरली. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. हेतू चांगला होता, हे सांगून सुटका होत नाही.

झोपेसाठी घेतलं जाणारं मेलाटोनिन अमेरिकेत किराणा सामानासोबत मिळतं, ब्रिटनमध्ये त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. गुंगी आणणारं डायफेनहायड्रामिन अमेरिकेत कुणीही विकत घेतं, झांबियात ते नियंत्रित यादीत आहे. जपानमध्ये तर दहा टक्क्यांहून जास्त स्युडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळीही नेता येत नाही!

आईवडिलांची बॅग भरणाऱ्या मुलांनी औषधं तपासण्याचं काम त्यांच्यावर सोडू नये. गोळ्या मूळ पट्टीतच राहू द्या, डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत द्या, ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव तपासा आणि शंका असेल तर तिकीट काढल्याबरोबर त्या देशाच्या दूतावासाला विचारा.