विहिरीपलीकडची खोली

त्या खोलीला खिडकी होती का?

दोन दिवस मी एवढंच आठवतो आहे. बंगळुरूच्या बसवनगुडीतला तो बंगला अजून लख्ख दिसतो. लाल, गुळगुळीत, उन्हाळ्यातही गार फरशी. खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार टोप्या, तिकडे त्यांना ‘मंकी टॉप’ म्हणतात. आम्ही तिथले भाडेकरू. मागे विहीर आणि विहिरीपलीकडे आऊटहाऊस: एक खोली, वर मंगळुरी कौलं, पुढे चुलीपुरता आडोसा. तिथे मालकांचे माळी कुटुंबासह राहायचे. आम्ही मुलं त्यांना तिथल्या रीतीने ‘ताता’ म्हणायचो, म्हणजे आजोबा.

आजी साताऱ्याहून आली की विहिरीच्या कट्ट्यावर बसायची. कुठल्याही खर्चाचा विषय निघाला की म्हणायची, ‘घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून.’ यातलं ‘पाहावं’ आता मला अडतं. बांधून बघा, म्हणजे कळेल, असा तिचा रोख. पण बांधणाऱ्याचंच घर असतं, हे ही म्हण धरूनच चालते. गवंडी जन्मभर घरं बांधतो. त्याच्या तोंडी ही म्हण कशी ऐकू येईल? बांधून झालं, आता लांबून पाहावं, अशी? आणि घराशेजारी लग्न कशाला? दोन्हींत कर्ज होतं, दोन्हींत सोयरे रुसतात, हे खरं. पण लग्न दुसऱ्याच्या अंगणातही लावता येतं. तातांनी धाकट्या लेकीचं लावलं, विहिरीपाशी मांडव घालून. आजीने तिची ओटी भरली. त्या दिवशी आजीने म्हण उच्चारली नाही. तिच्या ध्यानात काही आलं होतं की ती नुसती कामात होती?

ताता आम्हाला लालबागेत न्यायचे. तिथल्या काचघराची कोनशिला 1889 साली राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टरने बसवली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून त्याची कल्पना घेतलेली. तो पॅलेस 1851 च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कात उभा राहिला. त्याच प्रदर्शनात, पॅलेसच्या जवळच, या राजपुत्राच्या आजोबांनी, प्रिन्स अल्बर्टने, मजुरांसाठी नमुन्याची घरं बांधून दाखवली होती. आराखडा हेन्री रॉबर्ट्सचा. पोकळ विटा, दोन मजले, चार कुटुंबं. प्रत्येकाला बसायची खोली आणि झोपायच्या तीन: आईबापांची, मुलांची, मुलींची. शौचकूपही घरातच. मजुराच्या मुलीला निजायला वेगळी खोली लागते, हे कुणीतरी कागदावर आखलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. क्रिस्टल पॅलेस 1936 साली जळाला. ती घरं केनिंग्टनला हलवली होती, ती अजून उभी आहेत.

आजोबांच्या प्रदर्शनातलं काचघर नातवाच्या हातून आमच्या गावात आलं. झाडांना आलं. शेजारची घरं नाही आली. हे वाक्य लिहिताना वाटलं, सापडलं. आता तेवढी खात्री नाही. इंग्लंडातल्या जमीनदारांनीही आपल्या मजुरांना टुमदार घरं दिली, पण पुष्कळदा काम सुटलं की घरही सुटायचं. मग तीन खोल्या काय नि एक काय? पण नाही, फरक पडतो. थंडीत, बाळंतपणात, म्हातारपणी फार पडतो.

ताता त्या खोलीला ‘नम्म मने’ म्हणायचे, आमचं घर. दाराशी तुळस होती, रोज रांगोळी पडायची. बंगला विकला गेला तेव्हा आम्ही दुसरं घर शोधलं. ताता कुठे गेले, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. गावी त्यांचं बांधलेलं घर असेलही. म्हणीचा पहिला अर्धा त्यांनी कधीच पुरा केला असेल आणि मी उगाच हळहळत असेन. की ते असेल म्हणणं माझ्याच सोयीचं आहे?

काल रात्री बहिणीला फोन केला. ती म्हणाली, खिडकी होती की, आणि तिला आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा होता. मला पडदा आठवत नाही. मला कोंबड्या आठवतात. ती म्हणते, कोंबड्या नव्हत्याच.