पवईची रात्र

गेल्या डिसेंबरात आमच्या संगणक-चमूची सात मुले आणि आम्ही इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. आयआयटीचा 'टेकफेस्ट' १९९८ पासून भरतो. तो बघायचा आणि आपला अक्षरओळखीचा खेळही दाखवायचा.

मुक्कामी मागून आणलेल्या लॅपटॉपवर खेळ लावला, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे! मजकूर आम्हीच टाइप केलेला, हिंदीच्या सवयीने कृतिदेवमध्ये. तो फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, हे आम्हांला आठवीतल्या मुलीने समजावले.

पहाटेपर्यंत (पालकांनी माफ करावे) सारे पुन्हा टाइप झाले. "सर, तुम्ही 'फळ'चं 'फल' केलंय," तीच म्हणाली. आम्ही मुकाट्याने 'ळ'ची कळ शोधू लागलो.