हात लावू देणारे संग्रहालय

अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात एक पिवळे लाकडी घर आहे. १९८३ मधील ‘अ ख्रिसमस स्टोरी’ या नाताळच्या चित्रपटात ते दिसते. आतील दृश्ये बहुतांशी स्टुडिओत चित्रित झाली होती. पुढे घर आतून चित्रपटाबरहुकूम सजवून २००६ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले. विशेष हे, की येथील वस्तूंना हात लावता येतो.

बहिणीकडे राहणाऱ्या, स्मृतिभ्रंश झालेल्या माझ्या वडिलांना आम्ही तेथे नेले. चित्रपट त्यांना ठाऊक नव्हता. जुन्या रेडिओचे बटण फिरवत ते मला म्हणाले, “बातम्या लागल्या की आईला हाक मार.”

आजीला जाऊन चाळीस वर्षे झाली. एरवी मी डॉक्टरी तत्परतेने चूक दुरुस्त केली असती आणि त्यांचा चेहरा पडला असता. त्या दिवशी मी विचारले, “आई काय करतेय?” मग ते चुलीविषयी, भाकरीविषयी कितीतरी वेळ बोलत राहिले.

अशा ज्येष्ठांचा सांभाळ करणाऱ्यांनो, पितळी तांब्या, जपमाळ अशी ओळखीची वस्तू त्यांच्या हाती द्या. “आठवतंय का?” अशी परीक्षा घेऊ नका, सांगतील ते ऐका. याने गेलेली स्मृती परतत नाही. पण आपले माणूस घटकाभर भेटते.