सरपंचाची सोडत उघड, न्यायमूर्तींची निवड बंद दाराआड!

आमच्या मुळशीत माले असो वा दुसरे गाव, सरपंचपदाचे आरक्षण जाहीर सोडतीने ठरते. सर्वोच्च न्यायालयातली रिकामी जागा मात्र सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्तींचे कॉलेजियम बंद दाराआड भरते. ही पद्धत संविधानात नाही. ती १९९३ च्या निकालातून आली.

२४ मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते : सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, नेमणुकीत त्यांना नकाराधिकार देणे धोक्याचे. सरकारला मोकळे रान देणेही त्यांना तितकेच धोक्याचे वाटत होते.

परिणाम काय झाला? २०१० मध्ये सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन निवृत्त झाले. त्यानंतर अनुसूचित जातीचे न्यायमूर्ती तिथे पोचले ते थेट २४ मे २०१९ ला, अमरावतीचे भूषण गवई. बाबासाहेबांच्या त्या भाषणाला त्या दिवशी बरोबर सत्तर वर्षे झाली होती! २०२५ मध्ये गवई साहेब पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले. आम्हाला अभिमान आहेच. पण मधली नऊ वर्षे गुणवत्ता नव्हती, की ती बघणारी नजर नव्हती?

मित्रांनो, सत्काराचे हार घालून थांबू नका. कोणाच्या नावाचा विचार झाला, कोणाला का वगळले, हे जाहीर झालेच पाहिजे. प्रतिनिधित्व ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

जय भीम!